सातव्या खाटेची सही

"सिस्टर, आता पुरे," सातव्या खाटेवरचे मास्तर म्हणाले. "माझ्या मुलीला सांगा."

"सांगते." सिस्टर त्यांच्या हातावर शीर शोधत होती. डाव्या हातावरच्या संपल्या होत्या, उजव्याच्या संपत आल्या होत्या. किमोच्या पाच फेऱ्या झाल्या, तरी गाठी तसूभर हटल्या नाहीत. उलट मेंदूपर्यंत पोचल्या. तेव्हापासून मास्तर डॉक्टरांना हेडमास्तर समजत आणि रजा मागत. 'पुरे' हा शब्द मात्र कधी चुकला नाही.

बावीस वर्षं या वॉर्डात काढूनही अशा वेळी तिला स्वतःची लाज वाटे. ज्यानं काही साधणार नाही, ते औषध सोडणारा हात आपलाच.

"मुलगी हट्टी आहे हो माझी," मास्तर म्हणाले. "लहानपणी तिचं मांजराचं पिल्लू मेलं. तीन दिवस फ्रॉकमध्ये गुंडाळून बसली. पुरू देईना."

"मग?"

"मग काय, वास सुटला."

सिस्टरनं उशी जरा डावीकडे सरकवली. त्यांना ती तशीच लागे.

शेजारच्या खाटेवर कालच आलेले आजोबा कान देऊन होते. "ही मुलगी असते तरी कुठं? सही करायला बरी उगवते. भोगायचं या बिचाऱ्यानं."

"असते इथंच," सिस्टर म्हणाली.

"भेटली तर चार शब्द सुनावा तिला."

"रोज सुनावते, आजोबा. पालथ्या घड्यावर पाणी."

मेट्रननं मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, सातव्या खाटेचं काम दुसऱ्या सिस्टरला देऊ का. ती नको म्हणाली. तिच्याइतक्या हलक्या हातानं सुई टोचणारं वॉर्डात कुणी नव्हतं.

दुपारी डॉक्टर सहाव्या फेरीच्या संमतीचा कागद घेऊन सिस्टरच्या केबिनमध्ये आले. तेही थकलेले दिसत होते.

"मी माझं मत देऊन चुकलोय," ते म्हणाले. "थांबावं. घरी न्यावं, दुखणं तेवढं कमी ठेवावं. पण शेवटी घरच्यांची इच्छा."

"ते स्वतः पुरे म्हणताहेत, डॉक्टर."

"मलाही म्हणाले. पण त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं धरता येत नाही. तुम्हाला मी काय सांगणार?"

"शंभर नातेवाइकांना मी हेच समजावलंय. सोडा आता, म्हणून हात जोडलेत."

"ठाऊक आहे." डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि ते वॉर्डात गेले.

सिस्टरनं कागद पुढ्यात ओढला. काचेपलीकडे मास्तरांना डोळा लागला होता. मग तिनं खिशातलं पेन काढलं, आधीच्या पाच कागदांवर होती तशीच सही केली आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यात लिहिलं: मुलगी.