पंप बंद केल्यावर

शिरोड्याच्या प्रयोगशाळेत हृदयरुग्णांसाठीच्या नव्या नळीची चाचणी चालू होती. तिच्यातून माणसाचं ताजं रक्त अर्धा तास फिरवायचं, गुठळी होते का ते बघायचं, मग रक्त ब्लीचमध्ये ओतून टाकायचं. आज रक्त दिलं होतं बाबलकाका तांडेलांनी. रक्त दिल्यावर सगळ्यांना बसवतात तसे तेही बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसले होते.

अर्धा तास भरला. अक्षयाने पंप बंद केला.

रक्त थांबलं नाही.

तिने प्लगही उपसला. तरी ते नळीतून गोल फिरतच राहिलं, ठोक्याठोक्याने, मधेच एक ठोका चुकवत. पंप कधी ठोका चुकवत नसे. पण सकाळी काकांची नाडी बघताना तिच्या बोटांना हाच चुकार ठोका लागला होता.

ती धावत बाहेर आली. काका आपलंच मनगट चाचपत होते. चहावर साय धरली होती.

"गो चेडवा," ते हसत म्हणाले, "माजी नाडी खंय गेली? माका गावणा नाय."

अक्षयाने मनगट धरलं. ते गार होतं, आणि आत काहीच हलत नव्हतं.

तेवढ्यात आतून तिची मदतनीस तन्वीने हाक दिली, "अक्षया, चाचणी झाली मां? रगात ब्लीचात वततंय गो!"