अस्तर

"हात पालथा ठेव बघू टेबलावर," दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या.

चिऊने उजवा हात टेबलावर ठेवला. मनगट टेकलं, बोटांची टोकं टेकली, तळवा मात्र वरच राहिला. बाईंनी त्याखाली एक पेन्सिल सरकवली. ती गडगडत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली. चिऊला गंमत वाटली. शेजारी बसलेल्या बाबाला नाही वाटली.

"मागच्या वेळी ती अडकली होती," बाई म्हणाल्या.

"पण जखम तर छान भरलीय," बाबा घाईघाईने म्हणाला. "पाणी नाही, पू नाही. ड्रेसिंगच्या सिस्टरसुद्धा म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं."

जखम भरली होती हे खरंच. पण भरून थांबली नव्हती. तळव्याच्या मधोमध लाल, जाडजूड दोरीसारखा व्रण उठला होता आणि तो बोटांना आपल्याकडे ओढत होता. हात भाजला तो इस्त्रीवर, आणि इस्त्री बाबाच्याच दुकानातली. तो शिंपी. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळला आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. तेव्हापासून पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हा बाप गलितगात्र.

"स्प्लिंट आणलीय ना? दाखवा."

बाबाने ती पिशवीतून काढली. रात्री तळव्याला बांधून बोटं सरळ ठेवायची कडक प्लास्टिकची पट्टी. बाईंनीच गरम पाण्यात मऊ करून ती चिऊच्या हातावर घडवली होती, पण आता त्यांना ती ओळखू येईना. आतून निळ्या फ्लॅनेलचं जाड अस्तर, कडेला बारीक गोट आणि बांधायच्या पट्ट्याला दोन बोटं लांबीचा जादा जोड. शिंप्याच्या हातात गेलेली वस्तू, जशीच्या तशी कशाला परत येतेय.

बाईंनी आलेलं हसू गिळलं. "शिवलंय सुरेख. पण कशासाठी?"

"पट्टा ओढायचा तिला. रात्रभर कुरकुर. म्हटलं, जरा मऊ केलं, सैल केलं, तर निजेल तरी."

"मग निजली?"

"गाढ," बाबा म्हणाला. त्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

"ती निजली, तुम्ही निजलात. कातडी नाही निजली." बाईंनी अस्तरावरून अंगठा फिरवला. "तुमच्याकडे कोरं कापड आटतं ना?"

"आटतं तर. म्हणून आम्ही आधी भिजवून घेतो. आटायचं तेवढं आटू दे, मग कात्री लावायची."

"इथे ती सोय नाही. नवी कातडी आत्ता आटतेय, अजून कित्येक महिने आटणार. तेवढे दिवस तिला ताणून धरावंच लागतं. या पट्टीचं कामच ते. पोरीला थोडं ओढल्यासारखं वाटायलाच हवं."

"आणि नाही धरलं तर?"

बाईंनी एकदा चिऊकडे पाहिलं. ती पेन्सिल टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळवत होती. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तर व्रण कापून हात मोकळा करायचा आणि मांडीची कातडी काढून तिथे लावायची. म्हणजे नव्या दोन जखमा, आणि त्याही अशाच भरणार. अजून वेळ गेलेली नाही. पण जायला फार दिवसही लागणार नाहीत."

मशीनवर बसून आपण किती मन लावून हे शिवलं, ते बाबाला आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मायेनं केलेलं काम असं पोरीच्या हातावर उठेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"कात्री आहे?" त्याने विचारलं.

बाईंनी ड्रेसिंगची कात्री दिली. त्याने गोट उसवला, पट्ट्याचा जोड काढला, मग अस्तर. शिलाई दुहेरी होती, त्यामुळे वेळ लागला. उघडी पडलेली पट्टी बाईंनी गरम पाण्यात धरली आणि आज हात जेवढा उघडत होता त्याहून किंचित जास्त उघडी केली. ती निवली तशी त्यांनी बाबापुढे सरकवली.

"बांधा."

"मी? तुम्हीच बांधा ना आज."

"रात्री मी नसते."

बाबाने पट्टी तळव्याखाली धरली, पट्टा वरून घेतला आणि ओढू लागला. चिऊची हनुवटी थरथरली. त्याची बोटं आपोआप ढिली पडली आणि पट्टा सुटला.

"बघा, रोज हा असंच करतो," चिऊने बाईंकडे तक्रार केली. "मी रडतसुद्धा नाही. नुसतं तोंड वाकडं होतं, की हा लगेच सोडतो. आई असती तर डोळे वटारून बांधलं असतं. पण तिची रात्रपाळी असते."

"तुला दुखतं ना गं," बाबा म्हणाला.

"दुखतं. पण मला कोलांटी मारायचीय. त्याला हात सपाट टेकावा लागतो."

बाबाने पट्टा पुन्हा हातात घेतला. घेतला आणि तसाच बसून राहिला. त्याची नजर हातावर नव्हतीच, चिऊच्या तोंडावर होती. तिनेही ते पाहिलं.

मग ती खुर्चीवर गुडघे टेकून उंच झाली आणि मोकळा हात पुढे करून तिने बाबाचे दोन्ही डोळे झाकले.

"हं," ती म्हणाली, "आता ओढ."