बाबांच्या पायातली सळई

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर धाकट्या भावानं, मनिरामनं बाबांच्या पायातली सळई धुतली आणि रेणूच्या हातात दिली. "हा तुयावालाच टायटॅनियम न, ताई? नदीत सोडाले मन नाही झाला."

सळई धनुष्यासारखी वाकली होती. रेणूनं ती उलटसुलट करून पाहिली.

"लाकडं किती रचली होती?"

"सबन रचतेत तेवढीच. काऊन?"

आईनं सळईवरून बोट फिरवलं. "बरा झाला, वाकली. ऑपरेशनपासून पाय मुडपलाच नाही त्याहिचा. आता मांडी घालून जेवत असतीन."

मनिराम रडायला लागला. रेणू फोन घेऊन अंगणात पळाली. हा धातू तापल्यावर किती वाकतो, ते संगणकावर मांडणं हेच तिचं काम होतं. तिच्या गणिताप्रमाणे चितेच्या आचेत ही सळई जेमतेम केसभर वाकायला हवी होती. आणि त्याच गणितावर विमानाच्या नव्या इंजिनाची पाती घडवली होती.

साहेबांनी फोन उचलला आणि तिला रडू फुटलं. "सर... इंजिन... सर..."

"रेणू, अगं, आधी रडून घे. घरच्यांना सांभाळ," ते मायेनं म्हणाले. "इंजिनाची काळजी सोड. चाचणीचं विमान आत्ताच उडालं. ऐक, माझ्या डोक्यावरूनच चाललंय. आवाज येतोय?"