हॅटमधला घाम

“अगं, मेण बोटाने पुसटसं लाव. जुनं चामडं नवऱ्यासारखं असतं, फार लाड केले की सैल पडतं!” घराला लागून असलेल्या दुकानात हॅट दुरुस्त करता करता आमचे हे हसत सांगायचे.

ते जाऊन वर्ष झालं. त्यांच्या हॅटमधली चामडी पट्टी मी रोज बाहेर उलटवते, पुसते, वाळवते. सकाळी ती कपाळाच्या बाजूने घामाने ओली असते. पुसावी तेवढी पाझरते.

“आई, अशाने चामडं कुजेल,” लेक म्हणाली. “बंद कपाटात ही भिजते तरी कशी?”

आज पट्टी कोमटही लागली.

मी हॅट छातीशी धरली. “अहो, शेवटच्या दुपारी तुम्ही दुकानातून मारलेली हाक मला ऐकू आली होती. मी रुसले होते, म्हणून आले नाही.”