थोरला

'तुम्ही मूळचे इराणी' असं म्हणत इराकी शिपायांनी सबरियाच्या कुटुंबाला सरहद्दीपलीकडे हाकललं, तेव्हा थोरल्या फलाहला मात्र बगदादच्या तुरुंगात ठेवून घेतलं. त्याची खबर पुन्हा कधी आली नाही. इराणातल्या इलाम गावी सबरियाचे केस पिकले. पुढे बगदादची ती राजवट कोसळली आणि धाकटा कामिल हरखून घरी आला.

"आई, बांधाबांध कर. आपल्या घरी जायचं."

"तू जा. मी नाही येत."

"अगं, उभा जन्म बगदाद-बगदाद करत होतीस ना?"

सबरियाचा कणकेतला हात थांबला नाही.

"इथं कुणी विचारलं, तर सांगते, माझा थोरला बगदादला असतो," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर काय सांगू?"