कपिलधारची सोपी वाट

रविराजच्या सासूबाई बायनाबाई त्याच्या नव्या गाडीत पहिल्यांदाच बसणार होत्या. त्यांना कपिलधारच्या मंदिराला डोंगर दाखवत न्यायचं त्यानं ठरवलं. गाडी साधी, म्हणून आदल्या दिवशी मोटारसायकलवर हिंडून त्यानं कच्च्या वाटा पाहिल्या आणि गाडीचं पोट घासणार नाही, सासूबाईंची कंबर दुखणार नाही, अशी मऊ मातीची वाट निवडली. एका अंगाला हिरवीगार दरी. समोर नजर ठेवून जपून गाडी चालवत तो मागे बसलेल्या सासूबाईंना एकेक डोंगर नावानिशी सांगत गेला. मंदिरापाशी थांबून त्यानं मोठ्या उमेदीनं विचारलं, "मामी, कसा वाटला रस्ता?"

बायनाबाईंनी डोळे चोळले. "लई भारी, जावईबापू! बसल्या बसल्या डोळाच लागला. जाताना मातर जरा खड्ड्याखड्ड्यानं न्या, म्हंजी डोंगर बी दिसतील."