तुंगा म्हातारीची खोड

केडगावची प्रणिता कॉलेजात असल्यापासून एका ऑनलाइन ग्रुपवर गोष्ट लिहीत होती. गोष्ट सगळ्यांची मिळून, पण ज्याचं पात्र त्यानंच चालवायचं. तिची होती तुंगा म्हातारी. ही म्हातारी पायाची नखं दातांनी तोडायची आणि दिवसभर चघळत बसायची.

ही खोड प्रणितानं लोकांना हसवायला घातली होती. हल्ली मात्र ती लिहिताना तिलाच मळमळायचं. शेवटी एका सकाळी तिनं सरळ ग्रुप सोडला.

ग्रुपमधल्या गंधारचा लगेच मेसेज आला, "अगं, निरोपाचा प्रसंग तरी लिही. पात्र असं अधांतरी सोडायचं नाही, ही आपली रीत आहे."

"मरू दे ती घाणेरडी," असं उत्तर धाडून ती जेवायला बसली.

भाकरी घेऊन आलेल्या सासूबाई ताटाशीच थबकल्या. "अजून वाढलंही नाही, आणि मघापासून चघळतेस काय गं?"

"काही नाही," म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर जिभेखाली काहीतरी टोचलं. शिसारीनं तिनं ते तळहातावर थुंकलं. जाड, पिवळं, कडेला मळ धरलेलं नख.

तिनं घाईघाईनं आपल्या पायांकडे पाहिलं. दहाही नखं जागेवर होती, कालच्या लाल नेलपॉलिशसकट.

आणि त्यांच्याकडे बघता बघता तिच्या तोंडाला पाणी सुटलं.